बाळाला मी स्वतः पाहिले आहे

४ जानेवारी

दादा,

फोन करायचा सोडून ही पत्र काय लिहीत बसली, असं वाटेल तुला. फोनवर तू "हं, हं" करतोस आणि मधेच कुणाला तरी टाके घालायला पळतोस. लिहिलेलं निदान तुझ्या टेबलावर पडून राहील. शिवाय आमच्या घरात एका खोलीत शिंकलं की दुसऱ्या खोलीतून "औषध घे" असं ऐकू येतं.

बोका छान आहे. दोन महिन्यांचा झाला, गालांमुळे नाक दिसेनासं झालंय. तू मामा असून बाळाला अजून पाहिलं नाहीस, हे मी तुला दर वेळी ऐकवणार आहे.

आता मुद्दा. सासरे हटून बसलेत. सुंता. त्यांच्या घरात सगळ्या मुलग्यांची होते. माझ्या नवऱ्याची झाली, दिराची झाली, चुलतभावांची झाली. यात विचारण्यासारखं काही असतं हेच त्यांच्या गावी नाही. लग्नाआधी आम्ही दोघांनी बसून सगळं ठरवलं होतं, कोणाचं आडनाव, कोणाची प्रार्थना, कोणाच्या हातचा चहा. एवढं एकच राहून गेलं.

मी म्हटलं, पोराला मोठं होऊ दे, त्याचं अंग आहे, त्याचं तो ठरवेल. तर म्हणाले, "नाव ठेवताना विचारलंस त्याला? लस टोचताना विचारलंस?" जन्मभर बस चालवलेला माणूस, वादात एकदा सुटला की मधे थांबा नाही. आणि माझा नवरोबा लिफ्ट दुरुस्त करतो, पण घरात वाद झाला की स्वतःच दोन मजल्यांच्या मधे अडकून बसतो.

दादा, मस्करी बाजूला. माझ्या धडधाकट लेकराचं मी काहीतरी कापू देणार, या विचाराने मला जेवण जात नाही. तू लहान मुलांचा सर्जन. सासरे माझं ऐकत नाहीत, डॉक्टरचं ऐकतात. सगळ्यांसमोर वाचून दाखवता येईल असं काहीतरी लिही.

तुझी चिंगी

१५ जानेवारी

चिंगे,

तुझ्या विरुद्ध जातं ते आधी सांगतो, म्हणजे पत्र फाडायचं तर लवकर फाडशील.

सुंता झालेल्या मुलांना पहिल्या वर्षात लघवीचा संसर्ग कमी होतो, हे खरं आहे. पण मुळात तो शंभरात एखाद्याला होतो, म्हणजे एकाला वाचवायला शंभरावर पोरं टेबलावर घ्यायची. एड्सचा फार प्रसार आहे अशा देशांत मोठ्या पुरुषांवर अभ्यास झालेत. बाईकडून पुरुषाला होणारी लागण सुंतेनंतर जवळपास निम्म्यावर येते. हेही खरं आहे. पण ते जाणते पुरुष होते, आपल्या पायांनी चालत आले होते. बोक्याला तूर्तास तसली काही घाई नाही. पुढच्या वयातला तिथला कॅन्सर कमी होतो म्हणतात, पण तो मुळातच फार दुर्मिळ.

आता दुसरी बाजू. रक्त थांबत नाही, जखम चिघळते, कातडी जास्त कापली जाते, लघवीचं तोंड पुढे अरुंद होतं. चांगल्या हातात हे क्वचित होतं. पण ते क्वचितवाले सगळे माझ्याच दारात येतात. आणि दुखतं. तान्ह्यांना दुखत नाही असं आमचे जुने मास्तर सांगायचे, ते साफ खोटं होतं. भूल न देता हे करणाऱ्याला मी माझ्या वॉर्डात पाऊल ठेवू देणार नाही.

तुझ्या सासऱ्यांचा प्रश्न मात्र उडवून लावण्यासारखा नाही. आईबाप पोराच्या वतीने रोज ठरवतात, आणि त्यातलं बरंच पोराला जन्मभर पुरतं. आपल्या माणसांतलं एक असणं, आजोबा-बापासारखं असणं, हेही काही कमी देणं नव्हे. पण लस पुढे ढकलली तर पोराच्या जिवावर बेतू शकतं. हे पुढे ढकलता येतं, आणि एकदा कापलं की परत लावता येत नाही. म्हणून माझा कल तुझ्याकडे. थोडासाच.

आणि हे सगळं निरोगी बाळाबद्दल. मूत्रमार्गात जन्मतःच दोष असेल, लघवी मूत्रपिंडाकडे उलटी चढत असेल, कारण सापडत नाही असा ताप पुन्हापुन्हा येत असेल, तर पारडं पार फिरतं. तिथे मीच म्हणेन, कापा. तेव्हा बाळाला पाहिल्याशिवाय मी याहून जास्त बोलू नये.

दादा

२३ जानेवारी

दादा,

हे काय पाठवलंस? वकिलाने दोन्ही पक्षकारांना खूश करायला लिहिल्यासारखं पत्र आहे! "हे खरं आहे, हेही खरं आहे", आणि खरं आहे ते सगळं त्यांच्या बाजूचं! हे मी वाचून दाखवलं तर सासरे प्रत्येक ओळीला "बघ, बघ" करतील आणि वर तुला जेवायला बोलावतील.

दीर पुढच्या महिन्यात येतोय. तो आला की उरकून टाकायचं, असं चाललंय. माझ्याकडे वेळ नाही. तू एक कागद पाठव. हॉस्पिटलचं नाव छापलेला, सही-शिक्क्यासकट. गरज नाही, एवढंच लिही. तुझे ते "पण" आणि "मात्र" गाळून टाक. आणि बाळाला तपासलंय असं लिही, नाहीतर ते पहिलं हेच विचारणार, न पाहता कसा काय सांगतो? मागच्या आठवड्यात मी बोक्याला घेऊन मावशीकडे राहून आले. तिथे तू आला होतास असं सांगते. मावशी सांभाळून घेईल.

कॉलेजात मी दांडी मारली की आजारपणाचा दाखला कोण द्यायचं? तेव्हा तर मी ठणठणीत असायचे. बोकाही ठणठणीत आहे, मी सांगते ना. बाळंतपणाच्या सुट्टीआधी औषधांच्या दुकानात उभी राहून मी दिवसभर आजारी पोरंच बघत होते. आजारी पोर मला लांबून ओळखू येतं.

एवढं कर. नाहीतर मामा कसला तू.

चिंगी

२ फेब्रुवारी

चिंगे,

तू लहानपणी जमिनीवर लोळण घ्यायचीस, तशी कागदावर घेतली आहेस. सोबत दाखला. मजकूर असा:

"बाळाला मी स्वतः पाहिले आहे. प्रकृती उत्तम असून मूत्रमार्गात कोणताही दोष नाही. सुंतेची वैद्यकीय गरज नाही."

सही करताना थोडा वेळ पेन हातात धरून बसलो होतो. मग म्हटलं, असले दाखले इथे रोजच लिहिले जातात. कुणाच्या मेव्हण्याला रजा हवी, कुणाच्या भाचीला परीक्षा चुकवायची. हा निदान पोराच्या भल्यासाठी आहे. आणि तू म्हणतेस म्हणजे ठणठणीत असणारच.

मावशीला माझ्या वतीने सांग, तिच्याकडे मी फार मजेत राहिलो.

दादा

२० फेब्रुवारी

दादा, दादा, दादा!

जिंकलो! दीर आला, सगळे बसले आणि मी कागद पुढे केला. सासऱ्यांनी चष्मा लावला, वाचला, परत वाचला. शिक्क्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "डॉक्टरने स्वतः पाहून लिहिलंय. मग माझं काही म्हणणं नाही." बस. एवढंच. मी भांडायला पदर खोचून तयार होते, ती तशीच राहिले. त्यांनी स्वतः तो कागद बाळाच्या फाईलमध्ये सगळ्यात वर लावला. नंतर बराच वेळ खिडकीशी उभे होते. मला क्षणभर वाईट वाटलं, पण क्षणभरच.

मी कामावर रुजू झाले. बोक्याला दिवसभर सासरेच सांभाळतात. दुपटी बदलतात, बाटली उकळतात, गाणीही म्हणतात, बसच्या थांब्यांची नावं चालीवर. परवा त्याला ताप होता. दात येत असतील. दुकानातून सिरप आणून दिलं, उतरला.

चिंगी

९ मार्च

चिंगे,

अभिनंदन. काल इथे एक पोर आलं, दोन वर्षांचं, कुठल्यातरी घाईच्या हाताने सुंता केलेलं. रक्त थांबेना. थांबवलं, पण बाप भिंतीला टेकून बसला होता तो उठेना. तेव्हा तुझी आठवण झाली. म्हटलं, आपण बरोबर केलं.

बोक्याला दात एवढ्या लवकर? मामावर गेलाय, खाण्याची घाई. येतो लवकरच. एक सहकारी रजेवर आहे, तो आला की निघालोच.

दादा

१८ एप्रिल

दादा,

सासऱ्यांनी नवीन युक्ती काढली आहे. आता म्हणतात, बाळ लघवी करताना कळवळतं, पाय पोटाशी ओढून घेतं. आणि दुपट्याला वास येतो. हे ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन महिने गप्प बसून शेवटी गाडी तिथेच! मी म्हटलं, "बाबा, तो विषय संपलाय, फाईल उघडून बघा." ते उठले. बाटली धुवायला निघून गेले.

ताप मधे परत आला होता. इथल्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी फाईल उघडली, तुझा कागद वाचला आणि म्हणाले, "अरे, मामाच सर्जन आहेत, त्यांनी सगळं पाहिलंय, मग घशाचाच असणार." अँटिबायोटिक दिलं. तीन दिवसांत बरा वाटला म्हणून मी बंद केलं, एवढ्याशा पोटात किती औषध ओतायचं. गाल थोडे उतरलेत. उन्हाळ्यात सगळ्याच पोरांचे उतरतात.

चिंगी

२९ एप्रिल

चिंगे,

अँटिबायोटिक मधेच बंद करू नये, हे तू दुकानात लोकांना सांगतेस ना? मग घरी काय होतं तुला?

सवडीने एकदा त्याची लघवी तपासून घे. काही निघणार नाही, पण म्हाताऱ्याचं तोंड कायमचं बंद होईल.

इथे श्वास घ्यायला फुरसत नाही. यायचं जमवतोय.

दादा

१२ मे

दादा,

लघवी तपासली तर तेच म्हणतील, बघ, तुलाही शंका आहे. त्यांना एवढंच हवंय. आणि आता तर नवराही मधल्या मजल्यावरून उतरलाय. काल म्हणाला, "बाबा उगाच बोलणार नाहीत." मी त्याला म्हटलं, तुझ्या बाबांना नातवापेक्षा आपला हट्ट मोठा आहे. फार बोलले. तो जेवला नाही.

कालपासून अंग पुन्हा कोमट आहे. सिरप दिलंय.

चिंगी

३ जून

डॉक्टरसाहेब,

मला पत्रं लिहायची सवय नाही. चूकभूल पोटात घाला. मी तुमच्या बहिणीचा सासरा.

बाळ मोठ्या दवाखान्यात आहे. मागच्या आठवड्यात अंग भट्टीसारखं तापलं, डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. मी त्याला तसाच उचलून रस्त्यावर आलो. एक बस थांबली. ड्रायव्हर ओळखीचा नव्हता, पण त्याने कुठेही न थांबता गाडी दवाखान्याच्या दारात नेली. उतारूंपैकी कुणी चकार शब्द काढला नाही.

इथे लघवी तपासली, मग पोटाची सोनोग्राफी, मग आणखी फोटो. जन्मापासून लघवी उलटी वर चढत होती म्हणतात. तापाचं कारण तेच. डावं मूत्रपिंड वाळून गेलंय, ते कामाचं नाही. उजव्यावर डाग आहेत. ते किती टिकेल ते आज सांगता येत नाही. इथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "पहिल्या तापाला लघवी पाहिली असती तर", आणि थांबल्या. मग त्यांनी फाईलमधला तुमचा कागद वाचला. वाचून फाईल मिटून ठेवली.

त्या म्हणाल्या, संसर्ग पुन्हा होऊ नये म्हणून आता सुंता करून घेऊ, अशा बाळांना तिचा उपयोग होतो. मोठ्या ऑपरेशनचं पुढे पाहू. सही सुनेने केली. उद्या आहे. नातेवाईक फोन करून विचारतात, आता तरी समाधान झालं ना? मी हे मागितलं होतं. असं मागितलं नव्हतं.

दुपटी मी बदलत होतो, त्यामुळे मला दिसायचं. सुनेला सांगितलं. तिला वाटलं मी तोच विषय उकरतोय. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला तसंच होतं. मनात यायचं, कातडी काढली असती तर हे झालं नसतं. पण नंतर मला पोराचीच काळजी लागली. तरी तुमचा कागद होता. मी स्वतःला म्हणायचो, एवढा शिकलेला माणूस, बाळाचा मामा, स्वतः पाहून लिहितो, तू गप्प बस. आणि गप्प बसलो.

एकच विचारतो. तुम्ही बाळाला पाहिलं होतं का? सुनेला विचारत नाही. ती आधीच अर्धी झाली आहे, आणि विचारलं तर खरं सांगेल.

९ जून

आदरणीय बाबा,

नाही. मी बाळाला पाहिलेलं नाही. आजपर्यंत नाही.

मावशीकडे मी गेलो नव्हतो. दाखला मी इथे, माझ्या टेबलावर, चहा पिता पिता लिहिला. "मूत्रमार्गात दोष नाही" हे वाक्य माझ्याकडे कुणी मागितलं नव्हतं. कागद भक्कम दिसावा म्हणून ते मी स्वतःच्या मनाने घातलं. तिथल्या डॉक्टरांनी तेच वाक्य वाचलं आणि पुढे तपासलं नाही. तुम्ही तेच वाचलं आणि गप्प बसलात.

त्याआधी तिला मी एक लांबलचक पत्र लिहिलं होतं. दोन्ही बाजूंचं सगळं त्यात होतं, आणि कोणत्या बाळाला हे करावंच लागतं तेही होतं. ते पत्र खरं होतं. ते कुणालाच आवडणारं नव्हतं, म्हणून मी दुसरं लिहिलं.

निरोगी बाळावर कात्री चालवू नये, असं मला अजूनही वाटतं. तुम्हाला ते अजूनही पटणार नाही. हा वाद आपण समोरासमोर बसून घालायला हवा होता. तुम्ही तुमचं म्हणणं मांडलं असतं, मी माझं, आणि मधे बाळ मांडीवर असतं. मी त्याला एकदा जरी हातात घेतलं असतं, तरी वाद जिंकायच्या आधी त्याचं पोट चाचपलं असतं. हे माझं रोजचं काम आहे, बाबा. मी ते केलं नाही. शिक्का मारला आणि तुमचं तोंड बंद केलं.

तिला दोष देऊ नका. तिने मागितलं, पण ती डॉक्टर नाही. खोटा दाखला दिल्याचं मी माझ्या वरिष्ठांना लेखी कळवलं आहे. काय व्हायचं ते होईल. हे पत्र कुणाला दाखवायचं ते तुम्ही ठरवा. दवाखान्यातल्या बाईंना जरूर दाखवा. तो कागद फाईलमध्ये राहू देऊ नका. उद्या आणखी कुणी डॉक्टर त्यावर विश्वास ठेवेल.

तुमच्या सुनेचा भाऊ

२१ जून

दादा,

तुझं पत्र बाबांनी वाचलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मग म्हणाले, "माझ्या मुलाला तू सांगतेस की मी सांगू?" मी सांगितलं. पाळण्याशी उभं राहून सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने हत्यारांची पिशवी उचलली आणि कामावर गेला. आता रोज येतो, बोक्याला घेतो, त्याच्याशी बोलतो. माझ्याशी नाही.

सगळा दोष तू एकट्याने का घेतलास? मला नको आहे तुझा मोठेपणा. "पण" आणि "मात्र" गाळ, असं मी लिहिलं होतं. नेमकं माझं पोर त्या "पण"मध्ये होतं. सिरप माझ्या हाताने दिलं. औषध मी बंद केलं. दुकानात कुणी आई असं वागताना दिसली की मी तिला चारचौघांत झापायचे.

त्याचं अंग आहे, तो ठरवेल, असं मी घर डोक्यावर घेऊन ओरडत होते. आणि तो सांगत होता, दादा. तापून सांगत होता, पाय ओढून सांगत होता. बाबांना ऐकू येत होतं. मला त्यात फक्त बाबांचाच आवाज ऐकू यायचा.

ऑपरेशन झालं. भूल नीट दिली होती. पहिली लघवी झाली तेव्हा असा किंचाळला की मी कानांवर हात ठेवले. मग स्वतःचीच लाज वाटली आणि हात काढले. आता जखम भरत आलीये. जे वाचवायला मी एवढी भांडले ते गेलंच, आणि ज्याचा मी विचारही केला नव्हता ते वाळून गेलं. रोज रात्री एक औषध आहे, न चुकता. उजव्याचं काय ते दर तीन महिन्यांनी कळणार. पुढे त्याला सगळं सांगावं लागेल. काय सांगू, ते तू आणि मी मिळून ठरवायचं आहे, आणि यावेळी काहीही गाळायचं नाही.

फाईलमधून तुझा कागद बाबांनी काढला. फाडला नाही. दवाखान्यातल्या बाईंना दिला.

बोका आता बसायला लागलाय. गाल नाहीत, त्यामुळे नाक दिसतं. तुझंच नाक आहे. दारात कुणीही आलं की हात पुढे करतो.

सहकारी रजेवर असो नाहीतर हॉस्पिटलने तुला घरी बसवलेलं असो, मला कारण नको. "बाळाला मी स्वतः पाहिले आहे" असं लिहिलंस ना? येऊन ते खरं कर.

चिंगी